रेणूचं नाव, रेणूचा पत्ता

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी "ईट" म्हटलं, की समोरचा हमखास हसतो. "म्हणजे खायचं?" हिंदी बोलणारा असला तर त्याला विटेचं काहीतरी वाटतं. मग मी पोस्टमनला सांगावं तसं सगळं सांगतो: मुक्काम पोस्ट ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. तरीही चेहरा कोराच राहिला तर खवा काढायचा. भूमचा खवा म्हटलं की गाव नकाशावर बसतं. दूध आटवून खवा कुठंही होतो, पण कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन पदार्थापेक्षा पत्त्याला असतं.

अवकाशातल्या सेंद्रिय रेणूंबद्दल मराठीत छापून आलेलं जे हाती लागतं, ते मी बरीच वर्षं कापून ठेवत आलोय. अवकाशात दारू सापडली. अवकाशात साखर सापडली. अवकाशात युरिया. २०१५ साली लव्हजॉय धूमकेतूच्या वायूत अल्कोहोल दिसलं, तर सेकंदाला पाचशे बाटल्या वाइन इतकं, असा हिशोबही छापून आला. ही कात्रणं सगळी नावांची आहेत. सापडलं म्हणजे कुठं, ढगाच्या मध्यावर की कडेला, थंडीत की उबेत, हे त्यांत क्वचितच असतं. या विषयाचा आढावा घ्यायचा तर मला तो पत्त्याच्या बाजूनं घ्यावासा वाटतो, कारण पत्त्याचं एक ठळक काम आपल्याच महाराष्ट्रात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला झालंय आणि ते आपल्याला फारसं माहीत नाही.

खोडदला जायचं माझ्या पुतणीचं बरेच दिवस चालू होतं. सातवीत आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तिथं प्रदर्शन भरतं, दुर्बीण लोकांना बघायला मिळते. पहाटे चारला निघालो. गावातले दिवे मागे पडले तशी आग्नेयेला विंचवाची नांगी स्वच्छ दिसायला लागली. "हे मूळ नक्षत्र," मी म्हटलं. "या नांगीच्या डाव्या अंगाला आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. आज ज्या दुर्बिणी बघणार आहोत त्यांनी तिकडचा एक वास पकडला होता." जामखेड येईपर्यंत ती कसला वास, कसला वास एवढंच विचारत होती.

वास दह्याचा. ताज्या दह्याला जो हिरवट, किंचित फळासारखा वास येतो, त्यात मोठा वाटा ॲसिटाल्डिहाइड नावाच्या रेणूचा असतो. विरजण लागताना जिवाणू तो तयार करतात. पिकत्या फळांत तो असतो, आणि दारू प्यायलेल्या माणसाच्या यकृतात अल्कोहोलचं पहिलं रूपांतर त्याच्यातच होतं. दोन कार्बन, चार हायड्रोजन, एक ऑक्सिजन, मिळून सात अणू. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत याला कुणी गुंतागुंतीचा रेणू म्हणणार नाही. पण खगोलशास्त्रात रूढ व्याख्या अशी की सहा किंवा जास्त अणू असलेला आणि त्यात कार्बन असलेला रेणू म्हणजे जटिल सेंद्रिय रेणू. पोकळीत सात अणू एकमेकांना भेटून टिकणं हीच मोठी गोष्ट, म्हणून व्याख्या अशी उदार.

खोडदची जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या मधल्या पट्ट्यात, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. सगळा पसारा २५ किलोमीटरचा. जवळून बघितलं तर तबकडी भरीव नाहीच, तारेची जाळी आहे. भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. पुतणी म्हणाली, "काका, ही तर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी." बरोबर होतं तिचं. ज्या लहरी पकडायच्या त्यांच्या लांबीपेक्षा भोक बरंच लहान असलं की लहरीला ती जाळी भिंतीसारखीच. वाऱ्याला मात्र वाट मिळते, वजन कमी होतं, पैसे वाचतात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही काटकसरीची कल्पना होती आणि तिच्यावर जगातली एक मोठी दुर्बीण उभी राहिली.

ॲसिटाल्डिहाइडची एक लहर १०६५ मेगाहर्ट्‌झला असते. लांबी २८ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर चार बोटं. ती जाळीतून निसटत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे जयराम चेंगलूर आणि त्यांच्याबरोबर निस्सीम काणेकर यांनी जीएमआरटी या लहरीवर लावली आणि रोख धरला सॅजिटेरियस बी-२ या ढगावर. आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे ४०० प्रकाशवर्षांवरचा हा ढग म्हणजे या विषयाची पंढरीच. आपल्यापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षं लांब, वस्तुमान लक्षावधी सूर्यांचं. अवकाशातल्या रेणूंची यादी उघडली तर पहिल्यांदा कुठं सापडला या रकान्यात हे नाव सारखं येतं. त्या ढगात एक छोटा, दाट, गरम गोळा आहे. त्याला इंग्रजी-जर्मन मिसळून लार्ज मॉलिक्यूल हायमाट असं नाव पडलंय. हायमाट म्हणजे आपलं मूळ ठिकाण, जन्मभूमी. मी मराठीत त्याला बड्या रेणूंचं माहेर म्हणतो. ॲसेटोन, मिथाइल फॉर्मेट, ॲसेटिक आम्ल, सगळी मंडळी त्या माहेरी दाटीवाटीनं राहतात.

ॲसिटाल्डिहाइड तिथं आहे हे १९७०च्या दशकापासून माहीत होतं. नाव जुनंच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चेंगलूर-काणेकर यांच्या निबंधात नवं काय असेल तर चित्र: तो रेणू माहेरात कोंडलेला नाही. तो सुमारे १०० विकला रुंदीच्या गठ्ठ्यागठ्ठ्यांच्या प्रदेशात पसरलाय. माहेर त्या प्रदेशात येतं, पण मधोमध नाही. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण १८०० विकला धरली तर १०० विकला म्हणजे चिमूटभर आकाश. पण त्या अंतरावर ते तेरा-एक प्रकाशवर्षं भरतं. म्हणजे या रेणूला जन्माला यायला किंवा मोकळं व्हायला नव्या ताऱ्याची ऊब लागत नाही, दुसरंच काहीतरी चालू आहे. बोट दाखवलं गेलं ते धक्क्याच्या लाटांकडे. वायूचे लोट एकमेकांवर आदळतात, धुळीच्या कणांवरचा बर्फ खरवडून निघतो आणि त्यात अडकलेले रेणू बाहेर पडतात. त्याच सुमारास, २००१ मध्ये, हॉलिस आणि सहकाऱ्यांना ग्लायकोलाल्डिहाइड हा साखरेच्या कुळातला सगळ्यात लहान रेणूही त्याच ढगात असाच लांबवर पसरलेला दिसला होता. दोन स्वतंत्र दुर्बिणी, दोन वेगळे रेणू, आणि दोघांचाही पत्ता माहेराबाहेरचा.

माझ्या मते खोडदनं या विषयाला दिलेली ही मोलाची भर आहे. नवीन नाव नसल्यामुळे तिची बातमी झाली नाही.

पण नाव तरी कसं कळतं? कुणी नमुना आणत नाही. थंड अंधाऱ्या ढगात रेणू गरगरत असतात, आणि गरगरण्याला मनाला येईल तो वेग नसतो; ठरावीक पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की रेणू दोन पायऱ्यांमधल्या फरकाएवढी ऊर्जा एका नेमक्या लहरीत टाकून देतो. प्रत्येक रेणूचा आकार वेगळा, अणूंची वजनं वेगळी, म्हणून पायऱ्या वेगळ्या. १०६५ मेगाहर्ट्‌झची लहर ही ॲसिटाल्डिहाइडच्या अगदी शेजारी-शेजारी असलेल्या दोन पायऱ्यांमधली, म्हणूनच इतकी लांब. बहुतेक रेणूंच्या ठळक लहरी काही मिलिमीटरच्या असतात. आधी प्रयोगशाळेत तो रेणू बाटलीत घेऊन त्याच्या लहरी मोजायच्या, तक्ता करायचा, मग आकाशात तो तक्ता जुळतो का बघायचं. अवकाशातला रेणू सापडायच्या आधी जमिनीवर कुणीतरी काही महिने, कधी काही वर्षं, हे कंटाळवाणं मोजकाम केलेलं असतं. त्याचं नाव बातमीत नसतं.

जुळवायचं म्हणजे एक रेघ जुळवून भागत नाही. तक्त्याप्रमाणे जेवढ्या रेघा दिसायला हव्यात तेवढ्या सगळ्या, योग्य त्या उंचीच्या, दिसायला हव्यात. एकही गैरहजर नको. शिवाय सॅजिटेरियस बी-२ आपल्यापासून सेकंदाला साधारण ६० किलोमीटर वेगानं दूर जातोय, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक रेघेची वारंवारिता त्या प्रमाणात थोडी उतरलेली हवी. आणि मोठी अडचण तणाची. हा शब्द माझा नाही, या क्षेत्रातले लोकच मिथेनॉल, मिथाइल फॉर्मेट, डायमिथाइल ईथर यांना तण म्हणतात. हे रेणू इतके भरमसाट आणि त्यांच्या रेघा इतक्या, की मिलिमीटर लहरींमध्ये त्या ढगाचा वर्णपट काढला तर कोरी जागाच उरत नाही. आमच्याकडे खुरपायला बसलेल्या बाईला पीक आणि तण दोन पानांवर असताना ओळखावं लागतं. चुकून पिकावर खुरपं चाललं तर एक रोप जातं. इथं उलटी चूक होते, तणाला पीक म्हणून बसतात.

ग्लायसीनचं तसंच झालं. ग्लायसीन म्हणजे सगळ्यात साधं अमिनो आम्ल, प्रथिनांच्या साखळीतला लहानात लहान मणी. तो ताऱ्यांमधल्या वायूत सापडावा ही या शास्त्राची जुनी आस. २००३ मध्ये कुआन आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की तीन ढगांमध्ये मिळून ग्लायसीनच्या २७ रेघा मिळाल्या. जगभर बातमी झाली. २००५ मध्ये लुइस स्नायडर आणि त्यांच्या गटानं ताळा घेतला. ज्या रेघा ठळक दिसायलाच हव्या होत्या त्यातल्या काही जागेवर नव्हत्या, आणि ज्या दिसत होत्या त्यातल्या कितीतरी दुसऱ्या रेणूंच्या खात्यावर घालता येत होत्या. दावा टिकला नाही. आजतागायत ताऱ्यांमधल्या वायूत ग्लायसीन पक्कं सापडलेलं नाही. त्याच्या एक पायरी अलीकडचा अमिनोॲसिटोनायट्राइल हा रेणू २००८ साली सॅजिटेरियस बी-२मध्येच सापडला, म्हणजे दारापर्यंत गेलोय. मला हे फेटाळणं सापडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. कात्रणांच्या फायलीत २००३ची बातमी आहे, २००५ची नाही.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो पुस्तकांत मिळतो. १९३७ ते १९४१ या काळात ताऱ्यांच्या दृश्य प्रकाशात सीएच, सीएन असे दोन अणूंचे रेणू दिसले. मॅककेलर यांनी सीएनच्या रेघांवरून अवकाशाचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सव्वादोन अंशांच्या आसपास काढलं होतं. ती विश्वाच्या जन्माची ऊब होती हे कळायला पुढे पाव शतक जायचं होतं. मग सगळं थांबलं. इतक्या विरळ जागेत दोनहून जास्त अणू जमणार कसे आणि जमलेच तर अतिनील किरणांपुढे टिकणार कसे, असा समज घट्ट बसला होता. १९६३ मध्ये रेडिओ लहरींत हायड्रॉक्सिल आला, १९६८ मध्ये चार्ल्स टाउन्स यांच्या गटाला अमोनिया, पुढच्याच वर्षी पाणी आणि फॉर्माल्डिहाइड, १९७० मध्ये कार्बन मोनॉक्साइड. समज मोडला. दाट ढगात धूळ छपराचं काम करते, अतिनील किरणं आत पोचत नाहीत, हे ध्यानात आलं नव्हतं एवढंच. आज यादी तीनशेच्या पुढे गेली आहे.

त्या यादीचा नकाशा काढायचा तर मला आपली नक्षत्रंच सोयीची वाटतात. पेरणीचं गणित नक्षत्रांवर बांधणाऱ्या माणसाला ती वेगळी शिकवावी लागत नाहीत.

मूळ नक्षत्रात सॅजिटेरियस बी-२. अल्कोहोल तिथं १९७५ साली सापडलं. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्याच्या मळीपासून जो निघतो तोच इथेनॉल. २०१५ साली मिथाइल आयसोसायनेट सापडला, भोपाळचा. हे वाचलं तेव्हा मी काही वेळ नुसता बसून होतो. ज्या वायूनं एका रात्रीत हजारो माणसं गेली, तोच तिकडे, कुणाला इजा न करता, प्रथिनांच्या जोडणीसारखी जोडणी अंगात घेऊन तरंगतोय. २०१९ साली युरिया सापडला, ज्याच्या गोणीसाठी आपल्याकडे रांगा लागतात. २०२२ साली आयसोप्रोपॅनॉल, करोनात हाताला चोळलेल्या सॅनिटायझरमधला. आणि २०१६ साली प्रॉपिलीन ऑक्साइड. हा पहिला असा रेणू की ज्याचं आरशातलं रूप त्याच्यावर बसत नाही, डाव्या-उजव्या चपलेसारखं. आपल्या शरीरातली अमिनो आम्लं जवळजवळ सगळी डाव्या बाजूची का, हा जुना प्रश्न. त्या प्रश्नाचं सामान तरी तिथं आहे. मात्र डावे जास्त की उजवे हे त्या निरीक्षणातून ठरत नाही.

याच ढगाच्या शेजारी जी+०.६९३ असं नुसतं आकड्याचं नाव असलेला एक ढग आहे. तिथं अजून तारे जन्मलेले नाहीत, गरम माहेर नाही, पण लोटांच्या धडका भरपूर. आणि तिथंच व्हिक्टर रिविया आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांना गेल्या काही वर्षांत एकामागून एक नवे रेणू मिळत गेले. २०२१ मध्ये इथेनॉलामाइन मिळालं. पेशीच्या पटलात जे मेदरेणू असतात त्यांच्या टोकाशी हा असतो. खोडदच्या चित्रानं जिकडे बोट दाखवलं होतं तिकडचाच हा मुलूख, धक्क्यांचा. ऊब नसलेल्या ठिकाणी इतकी श्रीमंती निघेल असं वीस वर्षांपूर्वी फार थोड्यांना वाटलं असतं.

ज्येष्ठेच्या तांबड्या ताऱ्यापासून दोन अंशांवर आयरास १६२९३ आहे. इथं सूर्यासारखे तारे आत्ता घडतायत, ४६० प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारीच. २०१२ साली चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं तिथं ग्लायकोलाल्डिहाइड पकडलं. ग्रह जिथं पुढे घडतील त्या अंतरावर हा साखरेच्या कुळातला रेणू आहे, हा पत्ता महत्त्वाचा. २०१७ साली मिथाइल आयसोसायनेट इथंही दिसला. मृगाच्या तलवारीतला ढग तर या विषयाचा जुना अड्डा. कार्बन मोनॉक्साइडची पहिली लहर तिथूनच आली आणि डायमिथाइल ईथरही पहिल्यांदा तिथंच मिळालं.

आणि रोहिणी. तिच्या नऊ-दहा अंश उत्तरेला टीएमसी-१ नावाचा अंधारा ढग आहे. पौष-माघाच्या रात्री तो ईटच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. तापमान उणे २६० अंशांच्याही खाली, ऊब देणारा तारा नाही. इथं २०१८ मध्ये बेंझोनायट्राइल सापडलं आणि मग लागोपाठ: २०२१ मध्ये डांबरगोळीतल्या नॅफ्थॅलीनचे भाऊबंद, २०२४ मध्ये चार वलयांचं पायरीन, २०२५ मध्ये सात वलयांचं कोरोनीन. यातली युक्ती मला फार आवडते. बेंझीन, पायरीन हे रेणू इतके समतोल की फिरताना रेडिओ लहर सोडतच नाहीत. पण त्यातल्या एखाद्याला सायनो गट चिकटला की तोल बिघडतो आणि लहर निघते. अंधारात गाय दिसत नाही, गळ्यातली घंटा ऐकू येते, तसंच. घंटा बांधलेल्या किती सापडल्या यावरून बिनघंटेच्या किती असतील याचा अंदाज बांधायचा. ते प्रमाण कितपत बरोबर यावर वाद घालायला अजून जागा आहे, पण मोजायला काहीतरी हाती आलं.

आता हे रेणू होतात कसे? एका घन सेंटिमीटरमध्ये आपल्या हवेत जितके रेणू असतात त्यांच्या अब्जांश भागाहूनही कमी रेणू दाट म्हणवणाऱ्या ढगात असतात. दोघांची गाठ पडायला दिवसचे दिवस. १९७३ मध्ये हर्ब्स्ट आणि क्लेम्परर यांनी दाखवलं की विश्वकिरणांनी विद्युतभारित झालेले कण एकमेकांना ओढून घेतात, त्यामुळे थंडीतही प्रक्रिया चालते. पण मिथेनॉलसारख्या रेणूंचा हिशोब एवढ्यानं लागेना. उत्तर धुळीवर होतं. काजळीच्या कणाएवढा धुळीचा कण, त्यावर गोठलेला कार्बन मोनॉक्साइड, आणि त्यावर येऊन बसणारे एकेकटे हायड्रोजन अणू. एक चिकटला, दोन चिकटले, फॉर्माल्डिहाइड. चार झाले की मिथेनॉल. जपानात वातानाबे आणि कोउची यांनी २००२ मध्ये उणे २६३ अंशांना प्रयोगशाळेत हेच करून दाखवलं. कढई नाही, विस्तव नाही; खव्याच्या भट्टीवर वाढलेल्या माणसाला हे पटायला जरा जड जातं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतही असे अतिथंड बर्फ आणि धक्कानळीचे प्रयोग चालतात.

मग तारा पेटतो, बर्फ उडतो, रेणू वायूत येतात, माहेर तयार होतं. गोष्ट नीटनेटकी होती. २०१२ मध्ये बॅकमन आणि सहकाऱ्यांनी ती बिघडवली: तारा नसलेल्या, गारठलेल्या एका गाभ्यात त्यांना मिथाइल फॉर्मेट, डायमिथाइल ईथर आणि तेच आपलं ॲसिटाल्डिहाइड वायूरूपात मिळालं. तिथं ना ऊब, ना मोठे धक्के. बर्फावरून त्यांना उठवलं कुणी? विश्वकिरणाच्या ठिणगीनं, की रेणू घडताना निघालेल्या ऊर्जेनंच त्याला उडवून लावलं, की घडलाच वायूत? तिन्ही मतांची माणसं आहेत आणि तिघांकडेही आकडे आहेत. अलीकडे जेम्स वेब दुर्बिणीनं अवरक्त प्रकाशात थेट बर्फच वाचायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये घडत्या ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉल दिसल्याचं आणि बहुधा ॲसेटिक आम्लही असल्याचं सांगितलं. म्हणजे एकाच ढगातला वायू आणि बर्फ शेजारी ठेवून ताळा मांडता येईल. या प्रश्नाची तड लागलीच तर तिथं लागेल असं मला वाटतं.

हे सामान पृथ्वीवर पोचतं का? पोचतं. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत अमिनो आम्लं निघाली. आपल्याकडे २०१२ साली नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडली ती दगडी जातीची, या कामाची नव्हे; पण २०१७ च्या जूनमध्ये जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात पडली ती मर्चिसनच्याच कार्बनी जातीची. बेन्नू लघुग्रहाची माती २०२३ साली पृथ्वीवर आली, १२१.६ ग्रॅम. तिच्यात जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि आनुवंशिक अक्षरांचे पाचही पाया-रेणू मिळाले. डावे-उजवे मात्र जवळजवळ सारखे निघाले, त्यामुळे चपलेचं कोडं तसंच राहिलं. यातलं किती ताऱ्यांमधल्या ढगातून आलं आणि किती लघुग्रहाच्या पोटात खाऱ्या पाण्यात शिजलं, हे वेगळं करणं सोपं नाही.

इथं महाराष्ट्रात जयंत नारळीकरांचं नाव निघतंच. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी फार आधीपासून धरून ठेवलं होतं की ताऱ्यांमधली धूळ सेंद्रिय आहे. पुढे ते धूळ म्हणजे जिवाणूच, इथवर गेले. नारळीकरांनी वाद घालत बसण्यापेक्षा हैदराबादहून फुगे सोडले, २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. २००९ मध्ये तिच्यातून तीन नव्या जिवाणू प्रजाती जाहीर झाल्या, एकीला हॉईल यांचं नाव मिळालं, आणि त्या तपासात पुण्याची पेशी विज्ञान संस्था होती. पण त्या प्रजाती पृथ्वीवरच्या ओळखीच्या कुळांतल्याच होत्या. त्या वरून उतरल्या की खालून चढल्या, हे नळकांडं सांगू शकत नव्हतं. पुन्हा नाव मिळालं, पत्ता राहिला. हॉईल यांचं निम्मं म्हणणं, धूळ आणि सेंद्रिय द्रव्याचं नातं, काळानं बरंचसं उचलून धरलं. उरलेल्या निम्म्यासाठी रेणू आणि जीव यांच्यातलं अंतर एका उडीत ओलांडावं लागतं, आणि ती उडी मला मान्य नाही. नारळीकरांचा फुगा मात्र मान्य आहे. शंका असेल तर नमुना आणा, हे त्यांनी आपल्याला शिकवलं.

खोडदच्या मर्यादा सांगायला हव्यात. जीएमआरटी १५०० मेगाहर्ट्‌झच्या वर ऐकत नाही आणि जटिल रेणूंच्या बहुतेक रेघा त्याच्या कितीतरी वर. ॲसिटाल्डिहाइड १०६५ला, मिथेनॉल ८३४ला, असे थोडेच तिच्या तावडीत येतात. त्यातही १०६५ च्या आजूबाजूला विमानांची दिशादर्शक यंत्रणा बोलत असते. ९६० ते १२१५ हा पट्टा तिचाच. पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वे खोडदजवळून न्यायला आक्षेप आला तो याच गोंगाटापायी. नारायणगाव भागातल्या लोकांची अडचण मला कळते, रेल्वे कुणाला नको असते? तरी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, रूळ वळवता येतात.

कमी वारंवारितेचा एक फायदा मात्र आहे. तिथं तण कमी. मिलिमीटर लहरींत जी धूळ आड येते ती या लांब लहरींना जवळजवळ पारदर्शक असते. दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या एसकेए या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या ३५० मेगाहर्ट्‌झपासून १५ हजार मेगाहर्ट्‌झच्या वरपर्यंत ऐकतील, मोठे रेणू तिथं शोधण्याचा बेत आहे. भारत सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये त्या प्रकल्पासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले. अल्मामध्ये भारत भागीदार नाही, पण तिची जुनी निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुली होतात, रेघांचे तक्तेही खुले आहेत. ईटमध्ये बसून ती उतरवून घेता येतात. मी एकदा प्रयत्न केला, तर रेंजनं दगा दिला, ते सोडा.

परतीच्या वाटेवर आळेफाट्याला चहाला थांबलो. पुतणीनं वही काढली आणि दिवसभराचं उतरवायला लागली. मी डोकावलो तर तिनं टपालाच्या पद्धतीनं यादी केली होती. ॲसिटाल्डिहाइड, मु. पो. सॅजिटेरियस बी-२, माहेराबाहेर, ता. मूळ, जि. आकाशगंगा. डांबरगोळी, मु. पो. टीएमसी-१, ता. रोहिणी. खाली ग्लायसीन लिहिलं होतं आणि त्याच्यापुढे मु. पो. लिहून जागा मोकळी.

"याला काय लिहू, काका? तुम्हीच म्हणाला होता ना, रोझेटा यानाला ते धूमकेतूवर मिळालं म्हणून."

मिळालं होतं खरं, २०१६ मध्ये जाहीर झालं, ६७पी धूमकेतूच्या वायूत.

"मग ६७पी लिहिते."

"धूमकेतूला कुठला गं पत्ता? तो सदा फिरतीवर."

तिनं पेन्सिलीनं, खोडता येईल असं, लिहून ठेवलं.